झाडूला वारस, लेखणीला तारीख

पुण्याच्या रस्त्यांवर पहाटे झाडू मारणाऱ्या मेहतर-वाल्मीकी कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज गुजरात, राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातून आले. शहरे वाढली, लष्करी छावण्या वसल्या. मैला उचलायला माणसे हवी होती. ही माणसे आणली गेली ती त्यांच्या जातीमुळेच. पण त्यांच्या नातवाने महापालिकेत कारकुनाची राखीव जागा मागितली की व्यवस्था विचारते : १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे घर कुठे होते?

ही तारीख अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाची. घटनेच्या ३४१व्या कलमानुसार जात अनुसूचित ठरते ती त्या त्या राज्यापुरती. म्हणून या तारखेनंतर आलेला माणूस, आणि इथेच जन्मलेली त्याची मुलेसुद्धा, मूळ राज्याचीच अनुसूचित मानली जातात. मेहतर, वाल्मीकी या जाती महाराष्ट्राच्या यादीत आहेत. तरी राज्यसेवेतील राखीव जागा त्यांना बंद. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाबाबत हेच सांगितले. २०१८ साली दिल्ली जल बोर्डाच्या खटल्यात नोकरीबाबतही राज्यांपुरते तेच कायम केले.

यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. जातीचे मागासपण राज्याराज्यांत वेगळे असते, आणि स्थानिक दलितांचा वाटा इतरांकडे जाऊ नये. परंतु ज्याच्या डोक्यावर इथल्या समाजानेही तीच पाटी ठेवली, त्याचे मागासपण सरहद्दीवर गळून पडले काय?

याउलट दुसरे दार उघडे आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तिथे हक्क ठरतो बापाच्या कामावरून. कायम पगाराची ही हमी मोलाची आहे. ती सोडा, असे उपाशी घराला कुणी सांगू नये. पण बापाचा झाडू पोराला आणि लेखणीला मात्र तारखेची अट, हा जातिव्यवस्थेचाच जुना हिशेब आहे.

१९५० पूर्वी आलेलेही अडतात. जातप्रमाणपत्र कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. अक्षरओळख नसलेल्या, स्वतःच्या नावावर घर नसलेल्या आजोबाचा पुरावा नातवाने आणायचा कुठून? तो बहुधा पालिकेच्याच जुन्या हजेरीपत्रकांत आणि पगारपत्रकांत असेल. ती दप्तरे जपणे, शोधून देणे आणि पुरावा म्हणून स्वीकारणे, एवढी मागणी तर कार्यकर्त्यांनी आजच लावून धरावी. पुढचा लढा संसदेत आहे : ज्या जाती दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, त्यांच्या इथे जन्मलेल्या पिढीला इथले मानण्याचा, आणि त्यासाठी जागा वाढवण्याचा, स्थानिकांच्या ताटातल्या काढण्याचा नव्हे.

ज्यांनी शहर स्वच्छ ठेवले, त्यांना शहराने परके म्हणावे, हे आणखी किती पिढ्या?