वीरांच्या मानेवरचा ओरखडा

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावात शिवजयंतीला कर्ण्यांवरून लताबाईंचा आवाज घुमू लागला की कुसुमाग्रजांचे सात वीर नव्याने घोडे फेकतात. ते का दौडले, हे मात्र पोरांना क्वचितच कुणी सांगतं. कारण गोष्टीची सुरुवात चुकीपासून होते.

कुडतोजी गुजर, महाराजांचे सरनोबत, किताब प्रतापराव. 1673 मध्ये विजापूरजवळ उमराणीला त्यांनी बहलोलखानाला कोंडलं, त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. खान गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. शरण आलेल्याला मारू नये, हाच क्षात्रधर्म. पण खान पुन्हा चालून आला आणि महाराजांनी खरमरीत शब्दांत कळवलं की त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मागच्या फौजेची वाट न पाहता सहा स्वारांनिशी घुसले आणि पडले. राज्याभिषेकाला जेमतेम साडेतीन महिने उरले होते. आधी दया नडली, मग तिची भरपाई करायची घाई.

युरोपातल्या सरदारी काव्यातही नेमका हाच पेच सापडतो. ‘रोलाँचं गीत’ या जुन्या फ्रेंच काव्यात रोलाँ शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी सांभाळतोय. शत्रू दिसताच मित्र ऑलिव्हिए विनवतो, शिंग फुंक, राजा परत येईल. रोलाँला ती नामुष्की वाटते. तो शिंग फुंकतो तेव्हा माणसं संपत आलेली असतात, आणि फुंकताना त्याच्याच कानशिलाच्या शिरा फुटतात. मूळ लढाई 778 मधली, रोन्सव्होच्या खिंडीतली. तिथे हल्ला बास्क लोकांनी केला होता, कवीने शत्रू बदलून टाकला. रोलाँचा हट्ट मात्र त्याने झाकला नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका अनाम इंग्रज कवीने आणखी बारीक काम केलं. त्याचा गॅवेन, आर्थर राजाचा सरदार, सत्यवचनी, सभ्य, देवभीरू. पण जीव वाचवणारा हिरवा पट्टा मिळाल्यावर तो यजमानाला दिलेला शब्द मोडून पट्टा लपवतो. शिक्षा किती? त्याच यजमानाच्या कुऱ्हाडीच्या तिसऱ्या घावाने मानेवर एक ओरखडा. गॅवेन शरमेने लाल होतो, आर्थरचा दरबार मात्र हसतो आणि तसाच पट्टा सगळे मिरवू लागतात! इतकी प्रेमळ फजिती मध्ययुगीन काव्यात दुसरी शोधावी लागेल.

आपला पोवाडा अशा फजितीला फारसा राजी नाही. डफावर थाप पडली, तुणतुणं लागलं, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरलं की शाहिराला शौर्य गायचं असतं, त्यातून बिदागीही मिळवायची असते. अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा 1659 च्या प्रसंगावरचा, उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. त्यात डाव फत्ते होतो, मनातली चलबिचल शोधू नये. तरी तुळशीदासाच्या सिंहगडावरच्या पोवाड्यात माणूस डोकावतोच. घोरपड कडा चढेना, तेव्हा तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो. चिडलेला, घायकुतीला आलेला मालुसरे. इतिहासकार घोरपडीला नाकं मुरडोत, गड चढण्याआधीची ही चिडचिड मात्र शाहिराने अचूक टिपली.

असे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून मिळवून ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये छापले, म्हणून ते टिकले. चूक नोंदवायचं काम मात्र बहुतेक वेळा बखरीकडे राहिलं. कुसुमाग्रजांच्या कवितेत लाज आहे, संताप आहे, पण उमराणीची दया नाही. गाण्याला बहुधा ती जड झाली असती.

महाराजांनी प्रतापरावांचं घर नजरेआड केलं नाही. 1680 मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या थोडंच आधी, त्यांनी धाकट्या राजारामांचं लग्न लावलं. नवरी होती प्रतापरावांची लेक, जानकीबाई.