क्वीन्सटाउननंतर टपाल नव्हतं

टायटॅनिक बुडाली, तरी तिच्यावर बसून लिहिलेली कितीतरी पत्रं सुखरूप घरपोच झाली. जहाजाचा मार्ग पाहिला की याचा उलगडा होतो. १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टनहून निघालेली ही बोट संध्याकाळी फ्रान्सच्या शेरबुर्गला थांबली आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली. तिथे जेमतेम दोन तासांत बोटीवरचं टपाल उतरलं आणि किनाऱ्यावरचं चढलं. उतरलेलं पोचलं, चढलेलं तळाशी गेलं. भट्टीवर काम करणारा एक स्थानिक खलाशी नोकरी सोडून टपालाच्या थैल्यांत लपून किनाऱ्यावर पळाला, म्हणून तोही वाचला. बोटीवरचे पाच टपाल कर्मचारी मात्र खालच्या मजल्यावर पाणी शिरल्यावरही थैल्या वर ओढत राहिले. पाचही गेले.

क्वीन्सटाउनला १२३ प्रवासी चढले. बहुतेक सगळे तिसऱ्या वर्गाचे, शेतकरी घरांतली विशी-पंचविशीतली मुलंमुली. बोट धक्क्याला लागत नव्हती, म्हणून दोन छोट्या आगबोटींनी त्यांना तिथवर नेलं. त्या आगबोटींची नावं ‘आयर्लंड’ आणि ‘अमेरिका’. कादंबरीत कुणी अशी नावं दिली असती तर आपण नाकं मुरडली असती.

तिसऱ्या वर्गाचं तिकीट सुमारे पावणेआठ पौंडांचं. शेतमजुराच्या खिशाला हे परवडणारं नव्हतं. पुष्कळदा आधी गेलेली बहीण किंवा मामा अमेरिकेतून तिकीट काढून पाठवायचे, आणि जाणाऱ्याने तिथे कमावून पुढच्या भावंडाला बोलावून घ्यायचं. गावात ‘अमेरिकेचं पत्र’ आलं की त्यात डॉलर असणार, ही अपेक्षा ठरलेलीच. निघण्याच्या आदल्या रात्री घरी ‘अमेरिकन वेक’ व्हायचा. वेक म्हणजे मयताशेजारी जागवलेली रात्र. इथे ती जिवंत माणसासाठी जागवायची. नाचगाणं, खाणंपिणं आणि उजाडताना रडारड. गेलेलं पोर परत दिसेल याची खात्री कुणालाच नसायची.

त्यामुळे खरा निरोप घरीच होऊन जाई. बंदरातल्या खानावळीत बसून लिहायचं ते कामापुरतं. त्या वसंतात कोळसा खाणींच्या संपामुळे बऱ्याच जणांना दुसऱ्या बोटींवरून टायटॅनिकवर हलवलं होतं, म्हणजे बोटीचं नवं नावही घरी कळवायचं. एकदा बोट सुटली की न्यूयॉर्कपर्यंत टपाल नाही. बिनतारी संदेशाची सोय होती, पण पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग. तिकिटाच्या जवळपास बारावा हिस्सा! ती चैन पहिल्या वर्गाची.

तरीही क्वीन्सटाउननंतरचा एक मजकूर आयर्लंडला पोचला. कॉर्कजवळच्या ग्लॅनमायरचा १९ वर्षांचा जेरेमाया बर्क आपल्या चुलत बहिणीबरोबर बॉस्टनकडे निघाला होता. निघताना आईने पवित्र तीर्थाची छोटी बाटली दिली होती. दोघंही वाचली नाहीत. पुढच्या वर्षी कॉर्क बंदराच्या आतल्या अंगाला, डंकेटलच्या किनाऱ्यावर, म्हणजे त्याच्या घरापासून काही मैलांवर, ती बाटली सापडली. आत चिठ्ठी : टायटॅनिकवरून सर्वांना निरोप, खाली ‘ग्लॅनमायर, कॉर्कचा बर्क’. कुटुंबाने बाटली ओळखली. शंभरेक वर्षं ती घरात राहिली आणि २०११ मध्ये क्वीन्सटाउनच्या, म्हणजे आताच्या कोव्हच्या, वारसा केंद्राला दिली गेली.

ती कधी फेकली, यावर वाद आहे. चिठ्ठीवरची तारीखही नीट लागत नाही. शंकेखोर म्हणतात, बंदर सुटताना पोराने गंमत केली. घरचे म्हणतात, आईने दिलेलं तीर्थ कुणी गमतीत ओतत नसतं. ही बुडतानाचीच चिठ्ठी. मला घरच्यांचं म्हणणं पटतं, पण त्यांचा भूगोल पटत नाही. भर अटलांटिकमधून निघालेली बाटली नेमकी आपल्याच गावच्या खाडीत शिरावी, हा योगायोग फार झाला. आणि चिठ्ठीत हिमनग नाही, मदतीची हाक नाही, देवाचं नावही नाही. गंमत आणि मरण यांच्या मधली एक शक्यता दोन्ही बाजू सोडून देतात. टपाल बंद झालेलं, किनारा अजून दिसतोय, आणि कठड्याशी उभ्या मुलाकडे एक बाटली आहे. निरोपच धाडायचा होता, तर तो तिथूनच धाडला असणार.