सांध्यांची मोजदाद

माणसाच्या शरीरात प्रथिने घडविणारी जनुके सुमारे 20,000 आहेत. एवढ्याच भांडवलावर मेंदू, हृदय आणि यकृत असे परस्परांहून निराळे अवयव कसे चालतात, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याच्या उत्तराचा एक भाग सांध्यात आहे.

1977 साली अमेरिकेत फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांना एका विषाणूचा अभ्यास करताना आढळले की, जनुकाचा मजकूर सलग नसतो. पेशी प्रथम सबंध जनुकाची आरएनए नावाची नक्कल काढते. मग मधले भाग कापून टाकते व उरलेल्या भागांची टोके जोडते. राहिलेल्या भागास एक्झॉन म्हणतात, कापलेल्यास इंट्रॉन. दोन एक्झॉन जेथे जुळतात त्या जागेला आम्ही सांधा म्हणू. एखादा एक्झॉन गाळून त्याच्या मागचा व पुढचा एकमेकांस जोडला, की त्याच जनुकातून निराळे प्रथिन होते. या शोधाबद्दल त्या दोघांना 1993 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सांधा डोळ्यांना दिसावा कसा? आजची प्रचलित यंत्रे आरएनएचा मजकूर साधारण शंभर-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात आणि संगणक प्रत्येक तुकडा मूळ जनुकावर कोठे बसतो ते शोधतो. बहुतेक तुकडे सलग बसतात. काहींचे एक टोक येथे, तर दुसरे हजारो अक्षरे पलीकडे बसते. असा तुकडा हा त्या सांध्याचा साक्षीदार होय. चित्रात एक्झॉनांच्या जागी उंचवटे काढतात, सांध्यावर कमान काढतात आणि कमानीवर साक्षीदारांची संख्या लिहितात. एका जपानी खाद्यपदार्थावरून या चित्राला साशिमी आलेख असे नाव पडले आहे.

या कमानींशी माणसाचे प्राण गुंतलेले असतात. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या रोगात मुलाचे स्नायू दुबळे होत जातात, कारण एसएमएन-1 हे जनुक निकामी असते. त्याचे भावंड एसएमएन-2 शाबूत असते, पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या बहुतेक नकलांतून सातवा एक्झॉन गळतो. आलेखात सहाव्यावरून थेट आठव्यावर जाणारी कमान मोठी दिसते. 2016 साली अमेरिकेत मान्य झालेले नुसिनर्सेन हे औषध तो सातवा एक्झॉन पुन्हा नकलेत आणते.

तथापि एकाच नमुन्यातील दोन-चार साक्षीदारांवर विसंबता येत नाही, कारण यंत्र व संगणक दोघेही चुकतात. येथे सार्वजनिक भांडाराचे मोल कळते. निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळ्या कामांसाठी गोळा करून सर्वांना खुले केलेले 21,504 मानवी नमुने अभिनव नेल्लोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र तपासले. 2016 साली त्यांनी प्रसिद्ध केले की, निदान हजार नमुन्यांत आढळणाऱ्या सांध्यांपैकी 56,861, म्हणजे 18.6 टक्के, जनुकांच्या प्रचलित नोंदींत नव्हते. एकेकट्या नमुन्यात जे किरकोळ वाटले असते, ते हजारोंच्या साक्षीने दुर्लक्ष करण्याजोगे राहिले नाही.

चित्र पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कमानीवरील आकडा त्या नमुन्याचे किती तुकडे वाचले यावरही ठरतो; म्हणून दोन चित्रांतील नुसत्या आकड्यांची तुलना करू नये. शिवाय सांधा दिसला म्हणजे त्यातून उपयोगी प्रथिन झालेच, असे सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस अधिक टोचते. आमची उमर कामगारांचे हजेरीपट तपासण्यात गेली. ज्याचे नाव पटावर नाही त्याचा पगार निघत नाही, हे आम्ही पाहिले आहे. जीटेक्स या प्रसिद्ध अमेरिकन संग्रहात, मरणोत्तर दानातून मिळालेल्या ऊतींचे हजारो नमुने आहेत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतील दात्यांपैकी सुमारे 85 टक्के युरोपीय वंशाचे होते. आमच्याकडील एखाद्या मुलाच्या आरएनएमध्ये अनोळखी सांधा दिसला, तर तो रोगाचा की आपल्या लोकांत सर्रास आढळणारा, हे ठरविण्यास अशा पटाचा आधार तोकडा पडतो. दात्याची संमती घेऊन व त्याचे नाव गुप्त राखून आपलेही नमुने या भांडारात पडले पाहिजेत. ज्या पटावरून उद्या आपल्या मुलांचे निदान व्हायचे, त्यावर आपली हजेरी आजच लागली पाहिजे.