गिटारची तबली आणि नवशिक्याचा हात

हाताने अकूस्टिक गिटार घडवू पाहणाऱ्या नवशिक्याचे लक्ष बहुधा प्रथम शिसवीच्या गडद पाठीकडे, कडेच्या नक्षीकडे आणि चकाकत्या पॉलिशकडे जाते; परंतु तार छेडल्यावर जो आवाज कानी येतो, तो मुख्यत्वे समोरच्या पातळ फळीचा असतो. मिरजेतील सतार-तंबोऱ्यांचे कारागीर वाद्याच्या अशा फळीला तबली म्हणतात आणि तोच शब्द गिटारलाही चपखल लागू पडतो. तार इतकी बारीक असते की एकटीने ती हवेला फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून, म्हणजे तबलीवर चिकटवलेल्या ज्या लाकडी तुकड्यात तारांची टोके अडकवलेली असतात त्यातून, तबलीत उतरते, तबली हवेला ढकलते, आणि पेटीत कोंडलेली हवा मधल्या गोल छिद्रातून आत-बाहेर होऊन खालच्या स्वरांना भरदारपणा देते.

तबलीचे हे महत्त्व स्पेनमधील आल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ साली प्रत्यक्ष दाखवून दिले. आजच्या क्लासिकल गिटारची घडण ज्यांच्या हातून रूढ झाली, त्या तोरेस यांनी एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, तबली मात्र नेहमीच्याच निगुतीने लाकडाची घडवली. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपलेले आहे. तोरेस मुळात सुतारकाम शिकलेले होते, ही गोष्ट रंधा आणि पटाशी नुकतीच हाती घेणाऱ्याला धीर देणारी आहे.

तबलीसाठी स्प्रूस या थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड विशेष मानले जाते, कारण ते वजनाला हलके असूनही धाग्याच्या दिशेने विलक्षण ताठ असते. फळी अशी कापलेली असावी लागते की खोडातील वार्षिक वलये तिच्या पृष्ठभागाला काटकोनात येतील आणि वरून पाहताना सरळ, समांतर रेषांसारखी दिसतील. अशी फळी हवामानाबरोबर कमी वाकते. एकच फळी जाडीतून चिरून तिचे दोन भाग पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून कडेला कडा जोडतात आणि मग ही जोडफळी रंध्याने सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीपर्यंत उतरवतात. खरी अडचण येथेच आहे. स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे ७० किलोचा ताण देतात, तेव्हा फळी फार पातळ झाली तर घोडीमागे ती फुगते आणि घोडीपुढे खचते. उलट भीतीपोटी जाड ठेवली तर वाद्य शतकभर टिकेल, पण बोलणार नाही. नवशिक्याच्या गिटारमध्ये हा दुसरा दोष अधिक आढळतो.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी तबलीच्या आतल्या अंगाला लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. तोरेस यांनी नायलॉनच्या आजच्या तारांऐवजी त्या काळी वापरल्या जाणाऱ्या आतड्याच्या तारांसाठी पंख्यासारख्या पसरणाऱ्या पट्ट्यांची रचना परिपूर्ण केली, तर जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यात १८४०च्या दशकात फुलीच्या आकाराची रचना विकसित झाली, जी पुढे स्टीलच्या तारांच्या ताणाला पुरी पडली. पट्ट्या तासताना कारागीर तबली दोन बोटांत धरून टिचकी मारतो आणि बद्द आवाज जाऊन घुमणारा स्वर येऊ लागेपर्यंत थोडेथोडे लाकूड उतरवतो. हे ज्ञान वाचून येत नाही. ते कानाला हळूहळूच येते.

याउलट पडद्यांची, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची जागा शुद्ध गणिताने ठरते. तारेच्या उरलेल्या लांबीला प्रत्येक वेळी १७.८१७ने भागले की पुढच्या पडद्याचे अंतर मिळते. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर येतो. येथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला बोचते.

बाजूच्या सुमारे दोन मिलिमीटरच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवतात. पाठ-बाजूंसाठी एकेकाळी नावाजलेल्या ब्राझीलच्या रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली बंदी आल्यानंतर भारतीय शिसवीचे महत्त्व आणखी वाढले. मात्र पुठ्ठ्याच्या गिटारचा धडा लक्षात घेता पहिल्या वाद्यासाठी महागड्या शिसवीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा चांगल्या तबलीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लाकूड हवेतील दमटपणा शोषून आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, फुगलेल्या अवस्थेत पट्ट्यांवर जखडलेली तबली पुढे कोरड्या हवेत आकसू लागली की तिला जागा उरत नाही आणि ती धाग्याच्या रेषेत तडकते. म्हणून कारागीर सुमारे ४५ टक्के आर्द्रतेत हे काम करतात. ज्याच्याकडे अशी कोरडी खोली नाही, त्याने पावसाळाभर साचे आणि मान तयार करावी, तबलीचे लाकूड घरातच मुरू द्यावे आणि पट्ट्या चिकटवण्याचे काम हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतरच हाती घ्यावे.