बॅटरीत वीज किती उरली?

कणगीत जोंधळा किती उरला, हे आपल्याला झाकण काढून पाहता येते. रांजणात वाकले की पाणी दिसते. विहिरीत खडा टाकला तर आवाजावरून पाण्याचा अंदाज येतो. पण बॅटरीचे तसे नाही. भरलेली बॅटरी आणि रिकामी बॅटरी दिसायला अगदी सारखी. हलवून पाहिली तरी वजनात फरक लागत नाही. मग आत वीज किती उरली, हे ओळखावे कसे? त्यासाठी मीटर असते. कोणते मीटर कोणी घ्यावे, ते आज आपण पाहू.

आपल्या जालना जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबे शेतातल्या आखाड्यावर राहतात. कापूस, मोसंबी, गुरे-वासरे यांची राखण करायची तर शेतात राहावेच लागते. सगळ्याच आखाड्यांवर विजेची तार पोचलेली नाही. म्हणून लोक पत्र्यावर सोलरची प्लेट बसवतात आणि घरात बॅटरी ठेवतात. शेतातल्या सोलर पंपाला बहुधा बॅटरी नसते. ऊन आहे तोवर तो चालतो, ऊन गेले की थांबतो. घरातला दिवा मात्र ऊन गेल्यावरच लागतो. त्याला बॅटरी हवीच.

आमच्या आखाड्यावर काय झाले, ते आधी सांगतो.

२०२१ सालचा भाद्रपद. तीन दिवस झड लागलेली. सूर्याचे तोंड दिसले नव्हते. आमची तांबडी गाय व्यायला झाली होती. संध्याकाळी साडेपाचला आम्ही सोलरच्या कंट्रोलरकडे पाहिले. हिरवा दिवा लागलेला होता. बॅटरी ठीक आहे, असे समजून आम्ही निर्धास्त झालो. रात्री पंखा लावला, गोठ्यातला दिवा चालू ठेवला, दोन्ही मोबाईल चार्जिंगला लावले.

रात्री एकच्या सुमारास गाय हंबरू लागली. वासराचा एकच पाय बाहेर आलेला. तेवढ्यात दिवे गेले. मोबाईल पाहिले तर तेही बंद. चार्ज झालेच नव्हते. मुलगा चिखल तुडवीत गावात गेला. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत पहाट झाली. गाय वाचली. वासरू गेले.

आम्ही चौतीस वर्षे शाळेत हिशेब शिकवला. पण आमच्या घरच्या विजेचा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता. पुढे मिस्त्री आला. तो म्हणाला, "गुरुजी, हा हिरवा दिवा इतकंच सांगतो की प्लेटीकडून थोडीफार वीज येऊ लागली. बॅटरीत किती आहे, ते त्याला काय माहीत?" बॅटरी चौदा महिन्यांतच खराब झाली होती. वरचेवर पार रिकामी झाल्याने तिच्या आतल्या पट्ट्यांवर पांढरे कीट बसले होते. दुसरी बॅटरी घ्यावी लागली. पण त्या वेळी मीटरही घेतले.

आता आधी दोन शब्द समजून घेऊ. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे विजेची धार. इटलीच्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. त्याच्या नावावरून व्होल्ट हा शब्द आला. अँपिअर हे नाव फ्रान्सच्या एका शास्त्रज्ञाचे. आपल्याकडची शिशाची बॅटरी त्यानंतरची. ती १८५९ साली फ्रान्समध्येच तयार झाली. बॅटरीवर '१२ व्होल्ट, १०० एएच' असे छापलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. एक अँपिअरची धार एक तास चालली की एक अँपिअर-तास वीज खर्च झाली. १०० एएच म्हणजे अशी शंभर मापे वीज मावेल, एवढी ती कणगी.

आता खर्च किती ते पाहू. पाटी-पेन्सिल घ्या.

९ वॉटचे तीन दिवे, पाच तास : ३ × ९ × ५ = १३५
२५ वॉटचा पंखा, आठ तास : २५ × ८ = २००
दोन मोबाईल : २०
एकूण : ३५५

या ३५५ ला १२ व्होल्टने भागा. उत्तर सुमारे ३० येते. म्हणजे एका रात्रीत ३० मापे वीज गेली. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढू नये. काढली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे १०० तली ५० च आपली. ऊन पडले नाही तर पहिली रात्र सुखाची. दुसऱ्या रात्रीअखेर ६० मापे गेली, म्हणजे मर्यादा ओलांडली. तिसऱ्या रात्री अंधार. आमच्या आखाड्यावर झाले ते हेच. हा हिशेब आधी केला असता तर आम्ही पंखा लावला नसता.

आता मीटर पाहू. कणगीतले धान्य न उघडता ओळखायच्या दोन रीती आहेत. एक, बाहेरून टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. दुसरी, किती पायल्या आत घातल्या आणि किती काढल्या, ते भिंतीवर कोळशाने मांडून ठेवायचे. बॅटरीच्या मीटरचेही हेच दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार व्होल्टमीटर. हे टिचकी मारण्यासारखे. बॅटरीचा दाब किती, एवढेच ते सांगते. किंमत थोडी, बसवायला सोपे. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचे आकडे साधारण असे असतात :

१२.७ – भरलेली
१२.४ – पाऊण
१२.२ – निम्मी
१२.० – पाव
११.८ – रिकामी

पण टिचकी केव्हा मारावी, यालाही रीत आहे. प्लेटीकडून वीज येत असेल तर आकडा १३ किंवा १४ दाखवील. तो खोटा फुगवटा असतो. पंखा-दिवे चालू असतील तर आकडा खाली बसेल. तोही खरा नव्हे. म्हणून पहाटे, ऊन पडण्यापूर्वी, सगळी बटणे बंद करावी. अर्धा तास थांबावे. मग आकडा पाहावा. तो खरा.

ज्या बॅटरीला बुचे असतात, तिच्यासाठी हायड्रोमीटर नावाची काचेची नळीही मिळते. ती आतल्या तेजाबाचा जडपणा मोजते. बॅटरी भरली की तेजाब जड होते, रिकामी झाली की हलके होते. ही तपासणी भरवशाची आहे. मात्र तेजाब डोळ्यात किंवा अंगावर उडू देऊ नका. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

दुसरा प्रकार हिशेब ठेवणारे मीटर. याला शंटचे मीटर म्हणतात. शंट म्हणजे धातूची एक लहानशी पट्टी. ती बॅटरीच्या ऋण, म्हणजे मायनस तारेत बसवतात. आत जाणारी आणि बाहेर येणारी सगळी वीज त्या पट्टीवरून जाते. मीटर ती मोजते आणि जमा-खर्च मांडते. पडद्यावर सरळ आकडा येतो : ७० टक्के, ५५ टक्के. रात्र असो, दिवस असो, पंखा चालू असो की बंद असो. याला व्होल्टमीटरपेक्षा कितीतरी पट जास्त पैसे पडतात.

मग घ्यावे कोणते? महागडे घेतले की बरे, असे नाही. तुमची बॅटरी कोणत्या जातीची, ते आधी पाहा.

बॅटरी शिशाची असेल, खर्च दिवे-पंखा-मोबाईल एवढाच असेल, आणि पहाटे उठून आकडा पाहायची सवय असेल, तर साधे व्होल्टमीटर पुरे. उरलेल्या पैशात एक दिवा जास्त येईल.

बॅटरी लिथियमची असेल तर व्होल्टमीटरवर विसंबू नका. लिथियमची कणगी पाऊण भरलेली असो की तिसरा हिस्सा उरलेली असो, टिचकीचा आवाज जवळजवळ सारखाच. आकडा १३ च्या आसपास घुटमळत राहतो आणि शेवटी एकाएकी घसरतो. तिला हिशेबाचे मीटरच लागते. मात्र काही लिथियम बॅटऱ्यांत ते आधीच बसवलेले असते आणि मोबाईलवर आकडा दिसतो. म्हणून दुकानदाराला आधी विचारा, "या बॅटरीत उरलेल्या विजेचा आकडा दिसतो का? दाखवा." दिसत असेल तर दुसऱ्या मीटरवर खर्च कशाला?

बॅटरी शिशाची असूनही शीतपेटी, पिठाची चक्की, दुधाचे यंत्र असा मोठा खर्च असेल, तर हिशेबाचे मीटर घेतलेले बरे. शीतपेटीत गुरांच्या लसी असतील तर घ्याच.

घेताना चार गोष्टी पाहा. आपली बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची, तिला ते चालते का? शंट किती अँपिअरचा? ३०० वॉटचे यंत्र १२ व्होल्टवर २५ अँपिअरहून जास्त वीज ओढते, म्हणून ५० किंवा १०० चा शंट घ्यावा. आकडे एवढे मोठे आहेत का, की घरातल्या म्हातारीलाही दिसावेत? वीज कमी झाली तर मीटर घंटी वाजवते का? फक्त मोबाईलवर दिसणारे मीटर असेल आणि मोबाईलच बंद पडला, तर काय करणार? पडद्याचे मीटर बरे.

बसवताना तीन चुका फार होतात. पहिली चूक म्हणजे एखादी तार शंट सोडून थेट बॅटरीला जोडणे. कणगीला मागून भोक पाडून कोणी धान्य काढले तर भिंतीवरचा हिशेब जुळेल का? म्हणून मायनसची प्रत्येक तार शंटच्या पलीकडेच जोडावी. दुसरी चूक म्हणजे मीटरला बॅटरी किती एएचची, ते न सांगणे. तो आकडा आपणच भरायचा असतो. तिसरी चूक म्हणजे एकदा बसवून विसरणे. शिशाच्या बॅटरीत शंभर मापे घातली तर दहा-पंधरा वाटेतच जिरतात. त्यामुळे मीटरचा हिशेब हळूहळू चुकत जातो. चांगले ऊन पडून बॅटरी पूर्ण भरली, की मीटरवर '१०० टक्के' पुन्हा लावून घ्यावे. बॅटरी जुनी होते तशी तिची कणगीही लहान होते. चार वर्षांनी तिच्यात १०० ऐवजी ८० मापेच मावत असतील, तर मीटरलाही ८० सांगावे.

काम करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम लागला तर ठिणगी उडते, माणूस भाजतो. जमत नसेल तर मिस्त्री बोलवा, पण स्वतः उभे राहून पाहा.

जालना तालुक्यातले कडवंची गाव पुष्कळांनी पाहिले असेल. १९९६ साली तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले. आज तिथे शेततळी आहेत, द्राक्षांच्या बागा आहेत. आपल्या भागात पाऊस बेभरवशाचा. तळ्यात पाणी किती उरले, हे पाहून जो बागेला पाणी देतो, त्याची बाग उन्हाळ्यात तगते. तळे डोळ्याला दिसते. बॅटरी दिसत नाही, म्हणून तिचा डोळा आपण विकत आणायचा.

मात्र मीटर वीज देत नाही. ते फक्त सांगते. ऐकायचे काम आपले. आमच्या घरी आता मीटरखाली एक वही टांगलेली आहे. सून रोज पहाटे आकडा लिहिते. १२.४ च्या खाली आला तर त्या रात्री पंखा बंद. १२.२ ला एकच दिवा, तोही गरजेपुरता. मोबाईल दुपारीच चार्ज करून ठेवायचा, रात्रीवर टाकायचा नाही. गाय व्यायला झाली असेल तर आधीच्या दोन रात्री वीज राखून ठेवायची.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा झड लागली. पुन्हा रात्रीचीच वेळ. या खेपेला गोठ्यात दिवा होता आणि फोनही लागला. कालवड झाली. पोरांनी तिचे नाव ठेवले आहे उजळी.

ध्यानात ठेवा :
१. हिरवा दिवा म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे.
२. आधी बॅटरीची जात पाहा, मग मीटर घ्या.
३. शिशाच्या बॅटरीतली निम्मी वीज राखून ठेवा.
४. आकडा रोज पाहा, वहीत लिहा आणि त्याप्रमाणे वागा.