आकड्यांतून उमलणारं चित्र

दुपारची जेवणं आटोपली, मागचं आवरलं, कूलरसमोर जरा टेकलात की हात आपोआप मोबाइलकडे जातो ना? जाऊ द्या. फक्त परक्यांच्या घरची लग्नं न् साड्या बघण्याऐवजी एकदा ‘नोनोग्राम’ हे चित्रकोडं उघडून पाहा. आमच्या देवळीत दोन-चार घरी ते शिरलंय, आणि मुलांपेक्षा आयांनीच ते जास्त मनावर घेतलंय.

नाव परकं असलं तरी काम तुमच्या ओळखीचं आहे. शाळेत असताना दोसुतीच्या कापडावर घरं मोजून मोर भरला होता, आठवतं? तिथे नमुना समोर असायचा. इथे नमुना लपवलेला असतो, हाती फक्त मोजणी. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि उभ्या ओळीच्या डोक्यावर आकडे लिहिलेले असतात. ‘४ २’ म्हणजे सलग चार घरं काळी, मग निदान एक घर मोकळं, मग पुन्हा दोन काळी. सगळं बरोबर भरलं की किटली, मांजर, असं काहीतरी उमटतं.

आता खरी गंमत ऐका. ओळ दहा घरांची आणि आकडा ८. डावीकडून बसवा, पहिलं ते आठवं घर. उजवीकडून बसवा, तिसरं ते दहावं. दोन्ही वेळा तिसरं ते आठवं ही सहा घरं काळीच! ती बेलाशक भरा. त्यांच्यावरून उभ्या ओळी बोलू लागतात. जे घर रिकामंच राहणार, तिथे फुली मारायला विसरू नका. निम्मं कोडं फुल्यांनीच सुटतं. आणि अंदाजपंचे भरू नका, बाई! एक घर चुकलं की पुढची वीण उसवत जाते. नीट बेतलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं.

हे कोडं एका बाईच्याच डोक्यातून निघालं. १९८७ साली टोकियोत नॉन इशिदा हिने उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्र करण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं, त्यातून तिला हे सुचलं. त्याच सुमारास तेत्सुया निशियो यांनीही स्वतंत्रपणे तेच शोधलं. १९९० पासून इंग्लंडच्या ‘संडे टेलिग्राफ’मध्ये ही कोडी दर आठवड्याला येऊ लागली. ‘नोनोग्राम’ हे नाव पडलं ते नॉनच्याच नावावरून.

याने स्मरणशक्ती वाढते वगैरे जाहिराती सांगतात, त्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. मला दुसरंच म्हणायचंय. पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसलेल्या पुरुषाला घरात कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. तुम्ही मोबाइल हातात घेतला की लगेच “झालं का सुरू?” सासूबाईंनी विचारलं तर त्यांनाच शेजारी बसवा. याला इंग्रजी लागत नाही, शब्दसंग्रह लागत नाही. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. एका शेजारणीच्या सासूबाई आता चष्मा पुसून फुल्या सांगतात.

सुरुवात पाच बाय पाचच्या चौकटीने करा. मधेच ‘मदत हवी? पैसे भरा’ असं बटण येतं, त्याला हात लावू नका. मोबाइल मुलाच्या ताब्यात असला तर त्याच्या गणिताच्या चौकटीच्या वहीतलं एक पान मागून घ्या, पेन्सिलीनेही छान जमतं. दूध उतू जाऊ लागलं तर खुशाल उठा. कोडं होतं तिथेच थांबलेलं असतं.