तापीच्या गाळांतील लोखंड

चांगदेवास तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचें जाणें होत असेल, त्यांनीं पुढच्या खेपेस मुलांच्या खेळण्यांतील एक लोहचुंबक खिशांत टाकून न्यावा, अशी आमची शिफारस आहे. कोरड्या वाळूंतून तो दोन-चार वेळां फिरविला कीं त्याच्या टोंकांस बारीक काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे कण म्हणजे लोखंडाचेंच एक भस्म होय. खानदेशाच्या भोंवतालचे डोंगर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ओतलेल्या लाव्ह्याचे आहेत. त्या काळ्या पत्थरांत लोहभस्माचें प्रमाण शेंकडा १० हून अधिक असतें.

असें असूनहि रावेर-यावलकडील केळीच्या बागांत कधीं कधीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि बागाईतदाराला हिराकशीचें पाणी फवारावें लागतें. कारण झाडाला लोखंड कमी पडलेलें असतें! चुनखडीच्या, हवा खेळणाऱ्या जमिनींत लोखंड गंजून घट्ट बसतें. मुळांना तें उचलतां येत नाहीं. धान्याची कोठी भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशी ही गत आहे. ती किल्ली सांपडते चिखलांत, आणि तिचा खरा व्यवहार पाहावयाचा तर तापीबरोबर समुद्रापर्यंत गेलें पाहिजे.

मुलताईस उगम पावलेली ही सूर्यकन्या ७२४ किलोमीटर चालून सुरतेखालीं खंबायतच्या आखातास मिळते. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आपापल्या शिवारांतली माती तिच्या ओटींत घालतात. धुळ्याच्या पुलावरून पावसाळ्यांतलें पांझरेचें पाणी पाहिलें म्हणजे नदी वाहते कीं शेत वाहतें, असा प्रश्न पडतो. मुखापाशीं डुमसची वाळू काळी आहे, तिचें कारण हेंच लोखंड. तेथें भरती-ओहोटीचा जोर फार. आखातांत भावनगरकडे तर पाणी सुमारें १० मीटर चढतें-उतरतें. ह्या पाण्यानें पसरलेल्या चिखलांत तिवरांचीं झाडें उभीं राहतात.

हा चिखल वरून बोटभर तांबूस आणि खालीं कुळकुळीत काळा असतो, व त्याला एक घाण येते. शास्त्राच्या पुस्तकांत तिला कुजक्या अंड्याची उपमा देतात; आमच्या वाचकांच्या घरीं ती उपयोगाची नसल्यामुळें तुंबलेलें गटार आठवावें. खालच्या थरांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील सूक्ष्मजंतु मेलेलीं पानें-मुळें खातात, पण श्वासासाठीं वायूऐवजीं गंजलेलें लोखंड वापरतात. त्या सरशी न विरघळणारा गंज विरघळूं लागतो. लोखंड पुरेनासें झालें कीं समुद्राच्या पाण्यांतील गंधकाची पाळी येते. मोकळें झालेलें लोखंड आणि गंधक एकत्र आले कीं काळा रंग चढतो, व कालांतरानें त्याचें माक्षिक बनतें. तिवराचीं मुळें चिखलाबाहेर बोटांसारखीं डोकावून हवा खालीं नेतात, खेकडे बिळें पाडतात. तेथें तेंच लोखंड पुन्हां गंजतें, आणि मुळांभोंवतीं तांबडा लेप बसतो. एकच कण किती वेळां काळा-तांबडा होत असेल, कोण मोजणार!

ह्या घालमेलींत कर्ब अडकतो. झाडानें हवेंतून घेतलेला कर्ब पानांबरोबर चिखलांत पडतो. प्राणवायूवांचून तो पुरता कुजत नाहीं. शिवाय लोखंड त्याला धरून ठेवतें. जुन्या घरांत हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून शाई करीत; ती कागदाला सोडीत नसे. वनस्पतीचा अंश व लोखंड यांची गांठ अशीच चिवट असते. समुद्रतळाच्या गाळांतील सेंद्रिय कर्बापैकीं सुमारें पंचमांश लोखंडाला बांधलेला असतो, असें माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं दाखविलें.

मात्र तिवरें तोडून, बांध घालून हा चिखल वाळविला कीं हिशेब उलटतो. माक्षिकाला हवा लागून गंधकाम्ल तयार होतें, आणि शतकानुशतकें सांठलेला कर्ब वायुरूपानें निघून जातो. केरळांतील कुट्टनाडच्या काळ्या ‘करी’ जमिनी अशाच आम्लानें नाठाळ झालेल्या आहेत.

तापीची गोष्ट आणखी निराळी झाली आहे. १९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें, आणि त्याच्या वरच्या अंगाला हतनूर, सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशें येथें पाणी अडलें. पाणी पाहिजेच, धरणाला नांवें ठेवणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पण खानदेशची माती आतां आखातापर्यंत पूर्वींइतकी जात नाहीं. ती गोड्या पाण्याखालीं बसते. आणि तेथें समुद्रासारखा गंधकाचा सांठा नसल्यानें कुजणाऱ्या पाल्यापासून मिथेन, म्हणजे दलदलीचा वायु, अधिक निघतो. हवा तापविण्यांत तो कर्बाम्लवायूहून कितीतरी जबरा आहे. म्हणजे खाली तिवरें उपाशी, वर तळीं तुडुंब, आणि ज्या शेताची माती तें शेतहि रिकामें.

२०१७ पासून महाराष्ट्रांत ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. उन्हाळ्यांत तळें आटलें म्हणजे हा गाळ ट्रॅक्टरांत भरून शेतांत नेतात. नुकत्या उकरलेल्या ढेंकळाची घडी फोडून पाहावी: आंत काळसर-निळी, आणि दोन-चार दिवस उन्हांत राहिली कीं कडेनें तांबूस. ओल्या गाळांत सुटें झालेलें लोखंड उन्हांत पुन्हां कुलूपबंद होऊं लागलें, त्याचा तो रंग असतो. कर्ब मात्र बराचसा शेताच्या वांट्यास येतो, आणि हिराकस पुढच्या वर्षींहि विकत आणावीच लागते.